आबा गप्प बसतात तो सिनेमा

दौंडला आम्ही रेल्वे क्वार्टर्समध्ये राहायचो. पप्पा मालगाडीवर गार्ड होते. ड्यूटीचा काही नेम नसायचा, पण सुटी मिळाली की ते मला पिक्चरला न्यायचे. आईचं अंधारात बसून डोकं दुखायचं, म्हणून आम्ही दोघंच. त्यात निवड वगैरे काही नव्हती. जो लागलाय तो बघायचा आणि घरी येऊन जेवायचं.

मी आठवीत असताना असाच एक पिक्चर लागला. पोस्टरवर बंदूक रोखलेला हिरो होता आणि इंटरव्हलपर्यंत तो ती बंदूक घेऊन सूड घेत हिंडत होता. इंटरव्हलनंतर मात्र तो दिसलाच नाही. कुठे गेला, मेला की पळाला, कुणी सांगितलं नाही. त्याच्या शेजारी राहणारा एक किरकोळ टायपिस्ट भाड्याची खोली शोधत शहरभर फिरू लागला आणि पिक्चर त्याच्याच मागे गेला. लोकांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग शिट्ट्या सुरू झाल्या. मग कुणीतरी ओरडलं, "रीळ बदललं!" आणि बरेच जण ऑपरेटरच्या केबिनकडे धावले. दुसऱ्याच पिक्चरचं रीळ लावलंय याची त्यांना खात्री होती. ऑपरेटर बिचारा डबे बाहेर आणून त्यावरची चिठ्ठी दाखवत होता. कुणी ऐकेना.

मी खुर्चीतच होते. तो टायपिस्ट प्रत्येक दार वाजवण्याआधी खिशातून कंगवा काढून केस विंचरायचा. दार उघडायचं, नकार मिळायचा, पुढच्या दारापाशी पुन्हा कंगवा. त्याला खोली मिळते की नाही हे मला त्या सुडापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटायला लागलं होतं. शेवटपर्यंत थिएटरात आम्ही मोजकेच उरलो. बाहेर आल्यावर पप्पांनी विचारलं, "कंटाळा आला का गं?"

"नाही."

"मलाही नाही. पण मला स्टेशनाबाहेर आउटर सिग्नलला तासन् तास गाडी घेऊन उभं राहायची सवय आहे. तुझं काय, ते मला कळलं नाही."

मलाही ते कधी नीट कळलेलं नाही. पण लोक उठून जातात त्या सिनेमांची ओढ तेव्हापासून लागली एवढं खरं.

पुढे पुण्यात कॉलेजला असताना सिनेमा दाखवणाऱ्या एका मंडळात जाऊ लागले. तिथे पाहिलेला एक सिनेमा अजून जसाच्या तसा आठवतो. एका घरातलं एकच जेवण, पण प्रत्येकाच्या पाटावरून पुन्हा पुन्हा दाखवलेलं. ज्याच्या पाटावरून दाखवलंय त्याला जेवढं ऐकू येईल तेवढंच आपल्याला ऐकू येणार. त्या घरातला मामा बहिरा होता. त्याच्या पाटाची पाळी आली तेव्हा सगळ्यांची तोंडं हलत होती आणि आवाज शून्य. आपल्याच लग्नाची बोलणी चालली आहेत हे त्या मामाला कळत नव्हतं, आणि आधीच्या पाटांमुळे आपल्याला ते कळलेलं होतं. सिनेमा संपल्यावर अर्ध्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, अर्ध्यांनी आयोजकांना धारेवर धरलं. मी पहिल्यांदाच चार लोकांत उभी राहून बोलले. काय बोलले ते आठवत नाही. मागच्या रांगेतला एक गृहस्थ "कळलं नाही" म्हणत होता, तेवढं लक्षात आहे.

विचित्र आहे म्हणून मी काहीही डोक्यावर घेत नाही. ज्याचं जगभर कौतुक झालं असा एक सिनेमा मी लग्नानंतर मोबाइलवर पाहायला घेतला. त्यात एक शेळी खरोखरच मारली होती, हळूहळू, कॅमेऱ्यासाठी. मी तो तिथेच बंद केला आणि पुन्हा उघडला नाही. त्यावर कुणी कितीही समजावलं तरी माझं मत बदललेलं नाही.

लग्न होऊन मी निमोण्याला आले. शिरूरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी, सकाळी स्कूटीवर जायचं, संध्याकाळी परत. नवरा औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत शिफ्टला जातो. त्याला मारामारीचे सिनेमे आवडतात, आणि मी लावलेल्या सिनेमात तो पाच मिनिटांत झोपतो. घोरण्याच्या आधी एकदा विचारतो, "ह्याच्यात काय व्हतं का पुढं?" मी म्हणते, "नाही." तो समाधानाने झोपतो. आमचं बरं चाललं आहे.

सासऱ्यांना गाव आबा म्हणतं. विकास सोसायटीचे माजी चेअरमन. ऊस, कांदा आणि थोडं डाळिंब. आबांइतका बोलणारा माणूस मी पाहिलेला नाही. दूध घालायला आलेल्याशी बोलतील, लाइटचं बिल द्यायला आलेल्याशी बोलतील, कुणी नसलं तर गोठ्यात जाऊन म्हशीशी बोलतील. निवडणुकीच्या दिवसांत तर घरात माझा आवाज मलाच ऐकू येत नाही.

अशा आमच्या दारात काही वर्षांपूर्वी पुण्याची एक दिग्दर्शिका आली. पस्तिशीची असेल. पायात धुळीने माखलेले बूट, बोलणं अदबीचं. ती आठवडाभर कवठे येमाईपासून आमच्या गावापर्यंत म्हातारी माणसं बघत फिरत होती. तिला सिनेमासाठी एक म्हातारा हवा होता. तो रोज एसटीच्या थांब्यावर येतो, बसतो, बस येते, तो चढत नाही, बस जाते. सबंध सिनेमात एकही संवाद नाही.

तिने आबांना ओट्यावर बसवलं आणि मोबाइल समोर धरला.

"काय बोलायचं?" आबा म्हणाले.

"काहीच नाही. फक्त बसा."

"मंग मी कशाला? दगूड ठिवा की."

पण बसले. ती मोबाइलमध्ये बघत राहिली. मी दारात उभी होते. थोड्या वेळाने तिने मोबाइल खाली केला आणि म्हणाली, "आबा, तुम्हीच."

मला त्या दिवशी झालेला आनंद मी लपवला नाही. असले सिनेमे मी आयुष्यभर लांबून पाहत आले होते, आता एक माझ्या ओट्यावर येऊन बसला होता. आठवडाभर मी घरात सगळ्यांना समजावत होते, की हळू सिनेमा म्हणजे काय, त्यात गोष्ट नसली तरी काय असतं. नवऱ्याने ऐकून घेतलं. आबा म्हणाले, "पोरी, तू सांगतीस म्हंजी आसंल काय तरी."

शूटिंग थंडीत झालं. पहाटेचा उजेड हवा होता. उसात बिबट्या फिरत होता, म्हणून युनिटने फटाके वाजवायला दोन माणसं ठेवली होती. पण बिबट्यापेक्षा त्रास एसटीचा झाला. पहिले काही दिवस त्यांनी खऱ्या गाडीवरच शूटिंग करायचं ठरवलं होतं. ड्रायव्हर-कंडक्टर सगळे आबांच्या ओळखीचे. गाडी थांबली की कंडक्टर दारातून ओरडायचा, "आबा, चला की! शिरूर का?" आणि आबा तिथूनच, "न्हाई रं, शूटिंग हाय माझी!" झालं, सगळं वाया. शेवटी त्यांनी एक वेगळीच गाडी आणली, अनोळखी ड्रायव्हरसकट.

सिनेमा तयार होऊन पुण्यात एका महोत्सवात दाखवला गेला. आम्हाला जायला जमलं नाही, पण मी त्याबद्दल लिहिलेलं सगळं शोधून वाचलं. नेहमीसारखेच दोन तट पडले होते. काहींनी लिहिलं होतं की अर्ध्यातून उठलो. काहींनी आबांच्या चेहऱ्यावर परिच्छेदच्या परिच्छेद लिहिले होते. एकाने लिहिलं होतं, की शून्यात बघणारी अशी नजर आपल्या पडद्यावर यापूर्वी आली नव्हती. मी ते आबांना वाचून दाखवलं. "शून्यात?" ते म्हणाले आणि चहा प्यायला लागले.

दिग्दर्शिकेने गावाला शब्द दिला होता, तो तिने पाळला. एका रविवारी सकाळी शिरूरच्या मंगल कार्यालयात सिनेमा दाखवायचं ठरलं. गावातून टेम्पो भरून लोक आले. दौंडहून पप्पा आले, आता रिटायर झालेले, हातातल्या छत्रीची काठी करून. भांडगावला दिलेल्या माझ्या नणंदबाई मुलांसह आल्या. मी मनात वकिली तयार करून गेले होते. लोक कंटाळतील, चिडतील, त्यांना काय सांगायचं ते मला पाठ होतं.

कार्यालयाच्या खिडक्यांना सतरंज्या लावल्या होत्या, तरी फटींतून ऊन येतच होतं. पहाटेचे सगळे प्रसंग त्या उजेडात पुसून गेले. नुसता कोंबडा ऐकू यायचा आणि गाडीचं इंजिन. मग पडद्यावर उजाडलं आणि आबा दिसले. शिट्ट्या पडल्या. आबांच्या मागे लांबवर रिकामं माळरान, वर पांढरट आभाळ, आबा बाकावर. बस आली, गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. मधे आबांनी डबा काढून कोरडी भाकरी खाल्ली. लोकांनी मोबाइल काढले. पोरं जेवणाच्या हॉलकडे पळाली. पुढच्या बसला मागून कुणीतरी ओरडलं, "आबा, बसा की आता! आमाला बी घरी जायचंय!" सगळं कार्यालय हसलं. आबाही हसले.

मी हसले नाही, पण वाईटही वाटून घेतलं नाही. माझं दुसरंच काहीतरी चाललं होतं. सिनेमा मला आवडत नव्हता. पहिल्यांदा वाटलं उजेडामुळे असेल. मग वाटलं घरच्या माणसामुळे असेल. मी नेटाने बघत राहिले, पण काही केल्या तो बाकावरचा माणूस मला पटेना.

संपल्यावर दिग्दर्शिका पुढे उभी राहिली. म्हणाली, मोकळेपणाने बोला. नणंदबाई सगळ्यांच्या आधी उठल्या.

"मला येवढंच इचारायचंय, आमच्या आबांना कुणी न्हाई का? ल्येक हाय, सून हाय, नातवंडं हायेत. डबा कोरडा खात्यात त्यात. आमच्या सासरची मान्सं म्हणतील, ह्यांच्या बापाला कुणी भाकरी देत न्हाई!"

भावकीतल्या चार-पाच जणांनी माना डोलावल्या. दिग्दर्शिकेने शांतपणे सांगितलं, की सिनेमातला माणूस आबा नाहीत, ते पात्र आहे. नणंदबाई म्हणाल्या, "तोंड तर आबांचंच हाय की!" आणि बसल्या.

मग गावातले एक सर उठले. शिरूरच्या कॉलेजात इतिहास शिकवतात. त्यांचं घर थांब्याच्या समोरच, बौद्ध वस्तीत. ते सावकाश बोलणारे आहेत.

"मॅडम, थांब्याच्या समोर काय आहे, तुम्हाला माहीत आहे."

"हो. वस्ती आहे."

"वस्ती आहे, विहार आहे, दोन दुकानं आहेत. तुम्ही कॅमेरा आमच्या बाजूला ठेवला आणि त्याची पाठ आमच्याकडं केली. म्हणून मागं माळ दिसतो. पेपरात आलंय की हा माणूस शून्यात बघतो. तो शून्यात बघत नव्हता. आमच्याकडं बघत होता. आम्ही रोज सकाळी पायऱ्यांवर उभे राहून तुमचं शूटिंग बघायचो. माझी आई त्यांना हात करायची."

लोक वळून सरांकडे बघायला लागले.

दिग्दर्शिका म्हणाली, "मला रिकामं हवं होतं."

"ते मला कळलं," सर म्हणाले. "पण ते रिकामं नाहीये."

तिने सबब सांगितली नाही, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. तिने माझ्याकडे पाहिलं. शूटिंगच्या दिवसांत आम्ही बऱ्याच गप्पा मारल्या होत्या. माझं सिनेमाचं वेड तिला माहीत होतं. "तुम्ही काही बोला ना," ती म्हणाली.

मी उभी राहिले आणि म्हणाले, "मला आवडला नाही." म्हणताना वाईट वाटलं नाही, स्वतःचंच नवल वाटलं. पाठ केलेली वकिली तशीच राहिली. मी सांगितलं, की आबा बोलत नाहीत याबद्दल माझी तक्रार नाही. पण तो थांबा असा नाही. तिथे माणूस बसला की लोक त्याला बोलतं करतात. "तुम्ही आधी लोक बाजूला केले, कंडक्टर बाजूला केला, वस्ती बाजूला केली, आणि मग उरलं त्याला एकटेपणा म्हणालात."

ती म्हणाली, "हा म्हातारा दुसऱ्या कुठल्या देशातला असता, तर तुम्ही हे विचारलं असतं? तुम्ही मला असे किती सिनेमे सांगितलेत, जीव तोडून."

मी विचारलं नसतं. मी त्या म्हाताऱ्याच्या नजरेबद्दल बोलले असते, कदाचित लिहिलंही असतं. ज्या परक्या गावांमधल्या शांततेवर मी इतकी वर्षं जीव टाकला, तिथेही कॅमेऱ्यामागे कुणी पायऱ्यांवर उभं असेल, हा विचार मला तोवर एकदाही आला नव्हता. मी तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, "मलाही नाही." मग जेवणं झाली. बुंदी, मसालेभात आणि मठ्ठा. लोक जेवताना सिनेमावर बोलत नव्हते, उसाच्या तोडीवर बोलत होते.

पप्पा माझ्या शेजारी बसले होते. भात कालवत म्हणाले, "आउटरला गाडी उभी असते ना, तेव्हा सिग्नल मिळेल अशी आशा असते. या बाईंना सिग्नल मिळणार नाही हे आधीच माहीत होतं. त्यामुळे वाट बघण्यात मजा नाही आली." थोड्या वेळाने म्हणाले, "पण मी झोपलो नाही हं." सिनेमाभर जावई झोपला होता, त्याच्याकडे बघत.

परत येताना गाडीत आबा पुढे बसले होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. आम्ही नवरा-बायको मागच्या मागे एकमेकांकडे बघत होतो. त्यांना लागलंय असं आम्हाला वाटलं. न्हावऱ्याच्या पुढे आल्यावर ते म्हणाले, "पोरी, त्यो पिच्चर आजून येकदा बघाया मिळंल का?"

"तुम्हाला आवडला आबा?"

"आवडला म्हंजी... माझा बाप गेला तवा मी लहान व्हतो. त्याचा फोटू न्हाई. कसा दिसायचा ते इचारलं तर सांगता याचं न्हाई. आज त्या पडद्यावर बघितला. आसाच बसायचा त्यो, आसं हात गुडघ्यावर टाकून. मला वाटायचं मी कुणावर गेलो न्हाई. म्या कवा गप बसलोच न्हाई, मंग दिसनार कसं?"

नवरा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "डबा कोरडा खात्यात, त्ये मातुर बरं न्हाई दिसलं."

"गप रं," आबा म्हणाले.

दिग्दर्शिकेने पुढे सिनेमाची लिंक पाठवली. टीव्हीवर लावता येते. आबा दुपारी जेवण झालं की कधी कधी लावतात. सबंध बघत नाहीत. बसच्या दोन-तीन खेपा झाल्या की बंद करून गोठ्याकडे जातात. पाहुणे आले तर मात्र लावत नाहीत. एकदा सर काही कामाने घरी आले होते, तेव्हा आबांनी स्वतःहून विषय काढला.

"सर, तुमची वस्ती ऱ्हायली त्यात. मी तर तिकडंच त्वांड करून बसलो व्हतो, पर मला बी तवा उमजलं न्हाई का हे दिसनार न्हाई."

"तुम्हाला कसं उमजणार आबा? तुम्ही समोर होता."

"तुमची आई हात कराची आन् मला हसू याचं. त्या म्याडम वरडायच्या, हसू नका म्हणून."

त्यानंतर एका सुटीच्या दुपारी मी तो सिनेमा घरात सगळे पडदे ओढून एकटीने पाहिला. पहाटेचे प्रसंग या वेळी दिसले. ते चांगले आहेत. धुक्यातून गाडीचे दिवे येतात तेव्हा बाक आधी उजळतं आणि माणूस नंतर, ते मला फार आवडलं. आणि मध्यावर एक जागा आहे. बस निघून गेली आहे, धूळ खाली बसते आहे, आणि आबांच्या ओठांचा एक कोपरा किंचित हलतो. लगेच ते तोंड घट्ट मिटतात. समीक्षकांनी त्या जागेला आतला हुंदका वगैरे म्हटलं आहे. मी ती जागा मागे नेऊन परत परत पाहिली. सरांच्या आईने नक्की तेव्हाच हात केला असणार.

तरीही सिनेमा मला आवडला असं म्हणता येणार नाही. दिग्दर्शिकेशी माझं अधूनमधून बोलणं होतं आणि तिला हे माहीत आहे. ती दुसरा सिनेमा लिहिते आहे, त्यात माणसं बरीच आहेत असं म्हणाली. नणंदबाईंनी तिला अजून माफ केलेलं नाही. भांडगावात कुणी तो सिनेमा पाहिलेला नाही, तरी नाही. पप्पा फोनवर विचारतात, नवीन काही विचित्र पाहिलंस का, आणि मी नाव सांगते. मोबाइलवर सिनेमा कसा लावायचा ते मी त्यांना शिकवलं आहे. कानात वायर घालून ते दौंडला खुर्चीत बसून बघतात. सिनेमाच्या शेवटी कुणाला काहीच मिळालं नाही तर संध्याकाळी मला फोन करून सांगतात की मिळालं नाही.

मी अजूनही लोक उठून जातात ते सिनेमे शोधते. एखादा म्हातारा कुठल्याशा बर्फाळ गावात खिडकीशी नुसता बसलेला असतो, आणि पूर्वीसारखीच मी त्याच्यात अडकते. फक्त मधेच कधीतरी तो ज्या बाजूला बघतोय तिकडे काय असेल, असं मनात येतं. दुकान असेल. शाळा सुटत असेल. मग पुढचं दृश्य येतं आणि मी पुन्हा सिनेमा बघायला लागते.